स्वामी शिकला

१९८७ साली दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ लागली की वस्तीतल्या एकुलत्या टीव्हीपुढे आम्हा पोरांची दाटी व्हायची. आंबे कच्चे की पिकलेले हे कळल्याशिवाय ज्याला हिशेबाचे गणित सुटत नाही, तो स्वामी आम्हाला आपलाच वाटे. खरे तर तो वकिलाचा मुलगा. असल्या घरांत आमच्या आयांना मागल्या दारानेच प्रवेश होता. पण मास्तरची छडी त्यालाही चुकली नव्हती. (आम्हाला दोन जास्त बसायच्या, ते सोडा!)

स्वामी झालेले मंजुनाथ आज अभिनयात नाहीत. ‘अग्निपथ’मधला (१९९०) मांडव्याचा छोटा विजय चव्हाणही तेच. मुलाखतींत ते आगुंबेतले चित्रीकरण आठवतात आणि दिग्दर्शक शंकर नाग यांच्याविषयी भरभरून बोलतात. नाग १९९० सालीच मोटार अपघातात गेले.

पुढे ऐन उमेदीत मंजुनाथ यांनी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली, शिक्षण पुरे केले आणि बंगळुरात जनसंपर्काचे काम धरले. चलती असताना पुस्तकांकडे वळायला किती जणांचे मन होते? टीव्हीवरच्या स्पर्धांसाठी लेकरांची शाळा बुडवणाऱ्या आईबापांना मी हेच विचारतो. मंजुनाथांना लोक अजूनही स्वामीच म्हणतात.