मंत्रालय आलं नाही, बेलापूर मात्र वसलं

माझी बरीचशी नोकरी बेलापूरच्या कोकण भवनात, विभागीय सरकारी कचेरीत झाली. त्यामुळे ‘सीबीडीत आहे काय, नुसत्या कचेऱ्या आणि बँका!’ असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही. बेलापूर एक नाही, निदान तीन आहेत, आणि तिघांचं एकमेकांकडे फारसं जाणं-येणं नाही.

पहिलं कागदावर जन्मलेलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. मुंबईत माणसं उत्तरेकडे पसरत होती आणि नोकऱ्या मात्र दक्षिण टोकाला. त्यांचं म्हणणं साधं होतं: सरकारच खाडीपलीकडे न्या, बाकीचे मागोमाग येतील. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ३४४ चौरस किलोमीटरचा पट्टा ठरला आणि नव्या शहराचं मुख्य व्यापारी केंद्र, म्हणजेच सीबीडी, म्हणून बेलापूरची निवड झाली.

मंत्रालय काही हललं नाही. त्याच सुमारास नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टोलेजंग इमारती उभ्या राहत होत्या. तिथे जागा मिळत असताना खाडी ओलांडतंय कोण? विभागीय पातळीवरच्या आम्हा मंडळींना इकडे धाडलं, सचिव तिकडेच राहिले. वाशीचा पूल १९७३ चा. लोकल वाशीला पोचायला १९९२ उजाडलं, त्यानंतर ती बेलापूरला आली. माझ्या मते व्यापारी केंद्राचं घोडं अडलं ते इथेच. पुढे रिझर्व्ह बँक आली, स्टेशनच्या डोक्यावरच कार्यालयांचे मजले चढले; पण अजूनही संध्याकाळी सेक्टर ११ मधल्या झेरॉक्सवाल्यांची शटरं खाली आली की रस्ते ओस पडतात. सेक्टर १५ ची हॉटेलं तेवढी जागी.

दुसरं बेलापूर पारसिकच्या डोंगराखाली, सेक्टर ८ मध्ये आहे: आर्टिस्ट व्हिलेज. ऐंशीच्या दशकात कोरियांनी सहा हेक्टरांवर साधारण साडेपाचशे कुटुंबांसाठी ही वसाहत आखली. उंच इमारत एकही नाही. सात घरं मिळून आठ मीटर लांबी-रुंदीचा एक चौक, अशा तीन चौकांचा मिळून आणखी मोठा चौक. कुठल्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे ऐपत वाढेल तसं शेजाऱ्याची मनधरणी न करता घर वाढवावं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं, की मूळचं कौलारू, बैठं घर आता शोधावं लागतं. एका चौकात तसं एक उरलंय: उतरतं छप्पर, बाहेर बसका ओटा, आणि अंगाला जवळजवळ टेकलेली शेजारची तीन मजली, टाइल्स लावलेली इमारत. वास्तुकलेचे विद्यार्थी छोट्या घराचा फोटो काढतात. मला मोठ्याचाही काढावासा वाटतो, कारण घर वाढावं हेच तर आराखड्यात होतं. चौक मात्र टिकलेत. पोरं तिथेच क्रिकेट खेळतात, मांडवही तिथेच पडतात.

तिसरं बेलापूर या दोन्हींच्या कितीतरी आधीचं. दिवाळे, शहाबाज, आग्रोळी, बेलापूर गाव. आगरी-कोळ्यांची ही गावठाणं, भातशेती, मिठागरं आणि खाडीतल्या मासळीवर जगलेली. पाम बीच रस्त्याच्या कडेला ढासळत चाललेला बेलापूरचा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे सगळे धनी पाहून बसलाय. नकाशावर ही गावं होती, पण सेक्टरांच्या मधल्या फटींत. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मोबदला तुटपुंजा मिळाला. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलकांचे प्राण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज नवी मुंबईत कुणी नुसतं ‘साडेबारा टक्के’ म्हटलं तरी पुढचं सांगावं लागत नाही.

भूखंड मिळेपर्यंत कुटुंबं वाढली, त्यांनी गावठाणालगतच मजले चढवले. त्यांना ‘गरजेपोटीची घरं’ म्हणतात. डोंगराखालच्या वसाहतीत घर वाढवलं तर जाणकार ते कौतुकाने पाहायला येतात. शहाबाजला वाढवलं तर नोटीस येते. हा न्याय मला कधी पटला नाही. ती नोटीस घेऊन शहाबाजचा माणूस ज्या खिडकीपुढे उभा राहतो, ती असते सीबीडीतच, कागदावरच्या बेलापुरात.