कॅमेऱ्याला कावीळ झाली तेव्हा

"त्याचा डोया पिवया झाला रे बाबू. त्याले कावीय झाली का काय?"

मागच्या उन्हाळ्यात आजी फोनवर असं म्हणाली तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. "काही नाही आजी, नेट स्लो असेल," असं सांगून फोन ठेवला. मित्रांनो, मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. अँटेना आणि वेव्ह प्रोपगेशनच्या पेपरात मला बरे मार्क मिळाले होते. तरीही त्या पिवळ्या दिव्याचा अर्थ मला कळला नाही, किंवा खरं सांगायचं तर मी तो कळून घेतला नाही. त्याची शिक्षा मात्र आजीला झाली.

झालं असं. आम्ही अमरावतीला राहतो आणि आजी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या मातीच्या घरात एकटी. घर सोडायला ती तयार नाही. म्हणून होळीच्या सुमारास मागच्या अंगणात एक वायफाय कॅमेरा बसवला. अंगणात काही हालचाल झाली की आमच्या मोबाइलवर सूचना येते. दोन महिने सगळं छान चाललं. मे महिन्यात दिवा पिवळा होऊन लुकलुकायला लागला. चौथ्या दिवशी पहाटे नळ येणार होते, म्हणून आजी अंधारातच पाणी भरायला उठली आणि टाक्याजवळ पाय घसरून पडली. मनगटाचं हाड मोडलं. शेजारच्या काकू त्यांचं पाणी भरायला बाहेर आल्या, तेव्हा म्हणजे जवळपास अर्ध्या तासाने तिला उठवलं गेलं. आमच्या मोबाइलवर काहीच आलं नाही. ज्यासाठी कॅमेरा घेतला, नेमकं तेच त्याने केलं नाही!

घरात सगळे म्हणाले, कॅमेरा खराब निघाला, बदलून टाका. मी अकोल्याला गेलो, दोन दिवस त्या दिव्यामागे लागलो, आणि जे कळलं ते या लेखात मांडतो आहे. एका वाक्यात सांगायचं तर दिवा कॅमेऱ्यावर लागतो, पण आजार बहुतेक वेळा वाटेत असतो.

दिवा काय म्हणतो?

दिव्यांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. साधारणपणे स्थिर निळा किंवा हिरवा म्हणजे सगळं ठीक, आणि लुकलुकणारा किंवा पिवळा-लाल म्हणजे काहीतरी अडचण. खोक्यातली पुस्तिका फेकू नका, नेमका अर्थ तिच्यातच असतो. आमच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, "पिवळा, लुकलुकता : वायफाय सिग्नल कमकुवत." म्हणजे कॅमेरा बिचारा चार दिवस स्वतःहून सांगत होता!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इंटरनेट बंद असणं आणि वायफाय कमजोर असणं हे दोन वेगळे आजार आहेत. राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लाल असेल तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये. राउटर ठणठणीत आणि फक्त कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकतो, तर दोष राउटर ते कॅमेरा या टप्प्यात.

आता पाच मिनिटांची, फुकटची आणि सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. कॅमेरा भिंतीवरून काढा, त्याच्याच ॲडॉप्टर आणि वायरसकट राउटरच्या खोलीत आणा, दोन-तीन मीटरवर ठेवा आणि चालू करा. दिवा स्थिर झाला तर कॅमेरा निरोगी आहे, नवीन घेऊ नका. दिवा तिथेही लुकलुकला तरच कॅमेरा, ॲडॉप्टर किंवा राउटरच्या सेटिंगवर संशय घ्या. आमचा कॅमेरा बैठकीत आणल्याबरोबर मिनिटभरात निळा झाला.

मोबाइलच्या काड्यांवर जाऊ नका

"पण अंगणात माझ्या मोबाइलला तर दोन काड्या दिसतात!" हे आमच्या बाबांचं म्हणणं. काड्यांचं कोणतंही ठरलेलं माप नसतं, ज्याच्या त्याच्या कंपनीचा हिशेब. खरं माप डीबीएम. मोबाइलवर वायफायची ताकद मोजणारं एखादं मोफत ॲप घ्या आणि मोबाइल अगदी कॅमेऱ्याला लावून आकडा वाचा. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ आरामात चालतो. उणे ७५ च्या पुढे रडारड सुरू होते, आणि उणे ८० ला दिवा पिवळा झाला नाही तरच नवल.

हे माप लॉगॅरिदमिक आहे, त्यामुळे दिसतं तेवढं सोपं नाही. ३ डीबी कमी झाले की ताकद निम्मी, १० डीबी कमी झाले की दहावा हिस्सा. उणे ६७ डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा सुमारे पन्नास लाखावा भाग, तर उणे ७९ म्हणजे सुमारे आठ कोटीवा भाग! एवढ्याशा शक्तीवर चित्र जातं, हेच खरं तर आश्चर्य.

आणखी एक गोम आहे. मोबाइल दाखवतो ते राउटरचं बोलणं किती ऐकू येतं ते. कॅमेऱ्याचं काम उलटं. त्याला बोलायचं असतं, दिवसरात्र चित्र राउटरकडे पाठवायचं असतं. १०८० पिक्सेलच्या कॅमेऱ्याला साधारण १ ते २ एमबीपीएसचा अखंड रस्ता लागतो. कॅमेऱ्याचा अँटेना छोटा आणि आवाज बारीक. म्हणजे राउटरची हाक अंगणात पोचते, पण अंगणातून दिलेली ओ राउटरला ऐकू जात नाही.

वाटेतले अडथळे

हॅराल्ड फ्रीस या शास्त्रज्ञाने १९४६ साली मांडलेलं सूत्र आपण सगळ्यांनी पाठ केलं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने घटतो. पण आपली घरं म्हणजे मोकळी जागा नव्हे. साध्या विटांच्या भिंतीत साधारण ५ ते १० डीबी जातात, सळाखीच्या स्लॅबमध्ये १५ ते २०. काचेत फक्त दोन-तीन. मातीची दीड-दोन हात जाडीची भिंत विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त खाते. पाणी या लहरी शोषतं, म्हणून पाण्याची भरलेली टाकीही आडवी येते. आणि पत्रा? लोखंडी कपाट, टिनाचं शेड, फ्रीज यांतून सिग्नल जवळपास जातच नाही, तो परत फिरतो.

मग मार्चमध्ये चालणारा कॅमेरा मेमध्ये का बंद पडला? घर तेच, राउटर तोच, अंतर तेच. मी डोकं धरून ओसरीत बसलो होतो. आजी प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन समोर. ती म्हणाली, "कूलर लावला तवापासून असंच करते ते."

मित्रांनो, तिचं निदान शंभर टक्के बरोबर होतं!

आमच्या घराच्या भिंती इतक्या जाड, की राउटरचा सिग्नल अंगणात जात होता तो मुख्यतः बैठकीच्या मागच्या खिडकीतून. आणि एप्रिलच्या शेवटी त्याच खिडकीत कूलर बसला. पत्र्याचा डबा, तीन बाजूंनी ओल्याचिंब ताट्या, तळाशी पाणी. सिग्नलच्या एकुलत्या एका दारात आपणच पत्रा आणि पाणी आणून ठेवलं! आधी मला वाटलं, कूलरची मोटार गडबड करत असेल. मोटार बंद करून पाहिली, दिवा जसाच्या तसा. मग बाबांनी आणि मी कूलर स्टँडसकट बाजूला सरकवला. आकडा उणे ७९ वरून उणे ६६ वर आला. १३ डीबी, म्हणजे वीसपट फरक. दिवा निळा.

वऱ्हाडात हे किती घरांत होत असेल याचा विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की खिडकीखिडकीत कूलर दिसतो, आणि आपल्याकडे बसवणारे कॅमेऱ्याची जागा ठरवतात ती हिवाळ्यात!

सिग्नल चांगला, तरी दिवा पिवळा

याचं उदाहरण अमरावतीतच सापडलं. गाडगेनगरात माझा मित्र भाड्याने राहतो. तिथल्या घरमालक काकांनी गाड्यांवर लक्ष ठेवायला कॅमेरा लावलेला. रोज रात्री नऊनंतर दिवा लुकलुकायचा. काकांनी वैतागून कॅमेरा बदलला, नवीनही तेच करायला लागला! मी आकडा घेतला तर उणे ५२. म्हणजे ताकद भरपूर. मग ॲपमध्ये आजूबाजूची नेटवर्कं मोजली, वीसच्या वर निघाली आणि त्यातली बहुतेक चॅनल ६ वर.

इथे थोडा इतिहास. वायफायचं मूळ मानक ८०२.११ हे १९९७ चं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा हिस्सा २०१८ मध्ये. परवाना नाही, म्हणून सगळे तिथेच. वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा. राजकमल चौकात सणाच्या आदल्या दिवशी जशी गर्दी, तशी. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल धरली तर १, ६ आणि ११ ही तीनच. काकांच्या राउटरमध्ये 'ऑटो' काढून चॅनल ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ केली. त्या रात्रीपासून दिवा शांत. आधीच्या कॅमेऱ्याचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

बरेचसे स्वस्त कॅमेरे फक्त २.४ वर चालतात, त्यामुळे राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल आणि कॅमेरा जोडला जात नसेल, तर वेगवेगळी नावं देऊन बघा. ५ वर चालणारा कॅमेरा असला तरी लांबच्या अंगणासाठी २.४ च बरा, तो भिंतीतून जास्त जातो.

रात्रीच का लुकलुकतो?

दिवसा ठीक आणि अंधार पडला की त्रास, असं असेल आणि गर्दीही नसेल तर वायर तपासा. ५ व्होल्टच्या ॲडॉप्टरला आपण लांबच लांब यूएसबी वायर जोडतो. बारीक तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२ ओहम. वायर ५ मीटर, जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे २ ओहम. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले आणि करंट अर्ध्या अँपिअरपर्यंत गेला, की १ व्होल्ट वाटेतच संपतो. कॅमेऱ्याला मिळतात चार. मग तो बंद पडतो, चालू होतो, नेटवर्क शोधतो आणि आपण वायफायला शिव्या देतो! उपाय सोपा : लाइटची वायर लांबवा, ॲडॉप्टर कॅमेऱ्याजवळ आणा.

लाइट जाण्याचंही तसंच. लाइट आली की राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, तोवर दिवा लुकलुकणारच. राउटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. आणि पश्चिमेच्या भिंतीवर भर उन्हात कॅमेरा टांगण्याआधी खोक्यावर तापमानाची मर्यादा वाचा. वऱ्हाडातल्या मेमधली तापलेली भिंत हवेपेक्षा बरीच गरम असते.

उपाय, खिशाच्या क्रमाने

१. राउटर कपाटामागून, टीव्हीमागून काढून उंचावर मोकळ्या जागी ठेवा, अँटेना उभे करा. खर्च शून्य.

२. राउटर आणि कॅमेरा यांच्यामध्ये मनातल्या मनात दोरी ताणा. तिच्या वाटेत पत्रा, पाणी, स्लॅब येतो का पाहा. दोन-चार फूट सरकवूनही फरक पडतो.

३. चॅनल १, ६ किंवा ११ मधलं सगळ्यात रिकामं निवडा.

४. रिपीटर घ्यायचा असेल तर तो अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावा. कॅमेऱ्याच्या शेजारी लावला तर तो कमजोर सिग्नलच पुढे ढकलतो.

५. सगळ्यात पक्का उपाय वायरचा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते.

आम्ही पाचवा उपाय केला, कारण अकोल्याच्या मे महिन्यात आजीला "कूलर काढ" म्हणण्याची हिंमत कोणाची नव्हती. १५ मीटर केबल दाराच्या चौकटीवरून स्वयंपाकघरात नेली. माळ्यावर पडलेला जुना राउटर तिथे लावला, त्याचा पत्ता बदलला, त्यातलं डीएचसीपी बंद केलं आणि केबल त्याच्या लॅन पोर्टला जोडली. अंगणात आकडा आला उणे ५८. कॅमेऱ्यात मेमरी कार्डही टाकलं, म्हणजे वायफाय गेलं तरी रेकॉर्डिंग तरी राहील. पण कार्ड हाक मारत नाही, हाक मारायला वायफायच लागतं.

शेवटी एकच सांगतो. त्या चार दिवसांत माझ्या मोबाइलवर 'कॅमेरा ऑफलाइन' अशा सूचना आल्या होत्या आणि मी त्या बोटाने सारून दिल्या होत्या. आपल्यापैकी बरेच जण गावाकडे आईवडिलांच्या, आजी-आजोबांच्या घरी असे कॅमेरे लावून निर्धास्त होतात. कॅमेरा लावणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा कॅमेऱ्याखाली उभं राहून आकडा मोजून या, आणि घरातल्या माणसांना दिव्याचा रंग काय सांगतो ते समजावून या.

आमच्याकडे आता रोज रात्री फोनवर तो एक प्रश्न ठरलेला असतो. आजी अंगणात डोकावून येते आणि सांगते, "निया हाय रे बाबू. झोप आता."