चिऱ्याची जन्मकथा

आपल्या घराची भिंत, देवळाचा कट्टा, विहिरीचा काठ यांत जो तांबडा, भोकाभोकांचा चिरा दिसतो, त्याची हकीकत इतर दगडांहून निराळी आहे. घाटमाथ्यावरचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हारस थिजून झाला. वालुकाश्म थरावर थर बसून होतो. संगमरवर म्हणजे दाब व उष्णता सोसून रूप पालटलेला चुनखडक. जांभा या तिन्ही पंक्तींत बसत नाही. तो झिजून मागे उरलेला दगड होय. उष्ण मुलखात लक्षावधी पावसाळे मूळ खडकात मुरतात. चुना, सोडा व बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, आणि सहसा न विरघळणारी लोखंडाची व अॅल्युमिनियमची संयुगे तेवढी राहतात. लोखंड गंजते, म्हणून रंग तांबडा.

खाणीत हा दगड मऊ असतो, सहज तासता येतो. वाऱ्यावर वाळला की कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात हे पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन नावावरून त्यास ‘लॅटराइट’ म्हटले. आमच्या गवंड्यांना हा गुण त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होता!

सड्यावर पडलेला पाऊस या भोकांतून झिरपतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि उतारावर झर होऊन बाहेर येतो. त्यावर कुळागरे जगतात. चिरेखाण वाढत गेली म्हणजे दगडाबरोबर पाणी धरणारा थरही गाडीत भरून जातो. म्हणून सड्यावर खाण घालू देण्यापूर्वी खाली कोणाची विहीर आहे, हे गावाने चालत जाऊन पाहावे, असे आम्हांस वाटते.