वीरांची नावे आणि गावाचे कर्तव्य

घरातील माणूस घरीच निवर्तला, तर त्याचे दिवसपाणी होते, दरवर्षी तिथी पाळली जाते. परमुलखातील रणांगणावर पडलेल्या जवानाच्या आप्तांना मात्र पुष्कळदा अंत्यदर्शनही घडत नाही. देह कोठे विसावला हेही कळत नाही. अशा वेळी आठवणीला आधार राहतो तो कोठेतरी कोरलेल्या नावाचा.

तत्कालीन कुलाबा, म्हणजेच आजच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा भडिमार झाला. त्यांच्याखेरीज सारे जवान ठार वा जायबंदी झाले. घाडगे यांनी एकट्याने चाल करून ते ठाणे काबीज केले; पण नेमबाजाच्या गोळीने ते तेथेच धारातीर्थी पडले. त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांची समाधी ज्ञात नाही. मात्र इटलीतील कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव आहे, माणगावी त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ साली इटलीतील मोंतोने येथे सूर्यघड्याळाच्या रूपाने त्यांचे स्मारक उभारले गेले.

सर्वांच्याच वाट्याला असे स्मरण आले नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. तेथील मृतांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या नोंदली गेली. स्मरणातील या विषमतेची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली दिली. स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांची नावे नवी दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रार्पण झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात शिळांवर कोरलेली आहेत. तेथे पदाचा भेद न करता प्रत्येकाला स्वतंत्र शिळा लाभली आहे.

तथापि आधीच्या पिढीतील अनेक नावे आजही केवळ घराघरांतील जुन्या पेट्यांत आहेत. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर जवानाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली आढळते. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, जुनी पत्रे व वृद्धांच्या आठवणी यांतूनही माहिती मिळू शकते. ग्रामपंचायतीने शिक्षकांच्या साह्याने नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूचा दिनांक व ठिकाण यांची नोंदवही तयार करावी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून ती पडताळून घ्यावी आणि ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी शाळेत तिचे वाचन करावे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या आपल्या जवानांची स्मृती अशीच जपली आहे. या कामास फारसा खर्च येत नाही. मात्र माहिती सांगणारी वडीलधारी मंडळी हयात आहेत, तोवरच ते हाती घेणे अगत्याचे आहे.