आधी मोजा, मग बदला

बेळगाव आणि आसपासच्या गावांत जुन्या घराच्या पडवीत गोणपाट पांघरून उभी असलेली बुलेट अजूनही अधूनमधून दृष्टीस पडते. इंग्लंडातील रेडिच येथे जन्मलेल्या या गाडीचे काम १९५५ साली मद्रास येथे सुरू झाले. मूळ इंग्लिश कंपनी १९७० च्या सुमारास अस्तास गेली. बुलेट मात्र मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, तयार होतच राहिली. त्यामुळे वडिलांची, क्वचित आजोबांचीही गाडी घरात जपून ठेवलेली आढळते.

अशा गाड्या कायमच्या पडवीत जातात, त्या नेहमी इंजिन झिजल्यामुळेच जातात असे नाही. कित्येकदा कारण विजेचे असते. यंत्राची झीज डोळ्यांस दिसते, कानांस ऐकू येते. वीज मात्र अदृश्य. मग आज बॅटरी, उद्या कॉइल, परवा रेक्टिफायर असे एकेक सामान बदलले जाते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! खिसा रिकामा होतो आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

वास्तविक या विद्येचे मूळ सूत्र एकच आहे. बॅटरीतून निघालेली वीज फिरून बॅटरीतच परत आली पाहिजे. जाण्यासाठी रंगीत तारा असतात. परतण्याचे काम मुख्यतः गाडीच्या लोखंडी सांगाड्याकडे सोपविलेले असते. यालाच मेस्त्री मंडळी 'अर्थ' म्हणतात. जाणारी वाट सगळे तपासतात. परतीच्या वाटेची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

आरंभीच्या बुलेट गाड्या ६ व्होल्टच्या, नंतरच्या १२ व्होल्टच्या. हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. ३० वॅटच्या दिव्यास १२ व्होल्टवर अडीच अँपिअर प्रवाह पुरतो, ६ व्होल्टवर पाच लागतो. गंजलेल्या एकाच जोडात पहिल्या गाडीत अर्धा व्होल्ट वाया जात असेल, तर दुसरीत एक व्होल्ट जाईल. तेथे चोविसावा हिस्सा, येथे सहावा! म्हणून ६ व्होल्टच्या गाडीचा दिवा मिणमिणतो याचा दोष सर्वस्वी बॅटरीस देऊ नये. आपल्याकडील पावसाळ्यात तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो. तो खरवडून जोड घट्ट बसविला, तर पुष्कळदा काम भागते.

तपासणीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम बॅटरी. गाडी बंद असता चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, ६ व्होल्टची सुमारे ६.३. इंजिन वेगात फिरविल्यावर हा आकडा अनुक्रमे १४ व ७ च्या आसपास चढावयास हवा. न चढल्यास बॅटरी भरली जात नाही, असे समजावे. त्यानंतर फ्यूज आणि मग एकेक जोड. बाजारात काहीशे रुपयांत मिळणारा साधा मल्टीमीटर यास पुरेसा आहे.

जुन्या बुलेटच्या पुढच्या दिव्यावर बसविलेला अँपिअर-मीटर हा तर घरचा वैद्यच. चावी फिरवून किक हाताने सावकाश दाबीत जावी. पॉइंट मिटलेले असता काटा ऋण बाजूस झुकतो, उघडताच मध्यावर येतो. काटा मुळीच हलत नसेल, तर कॉइलमधून प्रवाह वाहत नाही. बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, तारा आणि पॉइंटवरील मळ पाहावा. काटा झुकलेलाच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा तार कोठे तरी सांगाड्यास चिकटली आहे. काटा नीट हलतो पण प्लगवर ठिणगी नाही, तर कंडेन्सर, कॉइल, जाड तार आणि प्लग यांची पाळी. एका काट्याच्या हालचालीने निम्मी गाडी संशयातून मुक्त होते.

या संदर्भात आमच्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. वडिलांच्या निधनानंतर त्यांची १२ व्होल्टची बुलेट त्याने मोठ्या हौसेने खोलून, नवा रंग चढवून पुन्हा उभी केली. तेव्हापासून गाडी बिघडली. दिवा मंद जळे, हॉर्न दाबताच आणखी मंद होई. वेग वाढताच भगभगून बल्ब जाई. दोन ठिकाणी दाखवून नवी बॅटरी झाली, नवा रेक्टिफायर झाला. अखेर भंगारवाल्याशी बोलणेही झाले. घरी आईने त्या दिवशी अन्न गोड मानले नाही, असे तो म्हणाला.

आम्ही त्यास एवढेच सुचविले, की पुढचा दिवा लावून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धर. तेथे आकडा जवळजवळ शून्य असावयास हवा. आला दोन व्होल्ट! परतीची वाट अडली होती. नवा रंग अर्थच्या बोल्टाखालीही लागला होता, आणि रंगातून वीज जात नाही. त्याने बोटभर जागा पॉलिशपेपरने चकचकीत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावले. नव्या बॅटरीचा आणि रेक्टिफायरचा दोष काहीच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गेली होती.

इतरही लक्षणे बोलकी असतात. हँडल वळविताच इंजिन बंद पडत असेल, तर मानेपाशी घासलेली तार शोधावी. इंजिन तापल्यावर बंद पडून निवल्यावर सुरू होत असेल, तर कॉइल वा कंडेन्सरवर संशय घ्यावा. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडून ते काळे पडत असतील, तर कंडेन्सर पाहावा.

दोन पथ्ये मात्र कडक पाळावीत. जळालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार वा चांदीचा कागद कधीही घालू नये. फ्यूजऐवजी मग वायरिंग जळते, आणि वायरिंगच्या वर पेट्रोलची टाकी असते. बॅटरी भरली जात असता तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. जवळ काडी वा विडी पेटवू नये.

चोर्ला घाटात रात्री धुके उतरले असता पुढचा दिवा अवचित गेला, तर काय प्रसंग ओढवतो हे वाचकांस सांगावयास नको. म्हणून पावसाळ्यापूर्वी एका रविवारी मुलास शेजारी बसवून हे जोड तपासावेत आणि प्रत्येक आकडा त्याच्याकडून वहीत लिहवून घ्यावा. पुढील वर्षी तोच आकडा ताडून पाहता येईल. सामान बदलण्याचा विचार त्यानंतर करावा.