थांबवण्याची हिंमत
लेखमाला : आखाडा ते रिंग – भाग सहावा

गेल्या आठवड्यात आपण बॉक्सरच्या पायांबद्दल बोललो. ठोशाची ताकद मागच्या पायाच्या चवड्यापासून निघते आणि कंबर, खांदा असा प्रवास करत मुठीपर्यंत पोचते, हे आपण पाहिलं. आज त्या पायांना घडवणाऱ्या माणसाकडे वळू. बॉक्सिंगचा कोच म्हटलं की दोरांबाहेर उभा राहून 'मार, मार' ओरडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. चांगल्या कोचची खरी कसोटी मात्र वेगळ्याच ठिकाणी लागते. उतावीळ झालेल्या मुलाला, त्याच्या पालकांना आणि वेळ पडली तर टाळ्या पिटणाऱ्या अख्ख्या स्टेडियमलाही आवरून धरायची हिंमत त्याच्या अंगी असावी लागते. बॉक्सरची कारकीर्द किती वर्षं चालेल, हे बहुतांशी या हिमतीवर ठरतं.

याचं उदाहरण वऱ्हाडातच आहे. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेतलं अकोल्याचं केंद्र बॉक्सिंगसाठी ओळखलं जातं. ८ ते १४ वर्षांची मुलं चाचण्या देऊन अशा निवासी प्रबोधिन्यांमध्ये येतात. या चाचण्या नीट पाहण्यासारख्या आहेत : उंची, वजन, ३० मीटर धाव, ६ × १० मीटर शटल रन, ८०० मीटर धाव, उभ्या जागेवरून लांब उडी, वर उडी, मेडिसिन बॉल फेक आणि लवचिकता. यात ठोशाची चाचणी कुठेच नाही. शाळेत कोण किती मारामाऱ्या करतो, हेही कोणी विचारत नाही. निवड होते ती फुप्फुसांची, पायांची आणि वेगाची. मारणं पुढे शिकवता येतं. दमाची आणि चपळाईची पायाभरणी त्या वयात झाली नाही, तर नंतर ती फार कष्टाने होते.

निवड झालेल्या पोट्ट्याला वाटतं, उद्यापासून हातात ग्लोव्ह्ज येणार. येतं ते वेगळंच. जमिनीवर आखलेल्या रेषेवर उभं राहायचं, डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली. मग पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सरकायचं आणि कुठेही पायाला पाय अडकू द्यायचा नाही. दिवसच्या दिवस हेच. त्यानंतर दोरीवरच्या उड्या आणि आरशासमोर हवेत ठोसे, म्हणजे शॅडो बॉक्सिंग. 'सर, ग्लोव्ह्ज कवा भेटतीन?' या प्रश्नाला कोचचं उत्तर ठरलेलं : बँडेज नीट बांधता येईल तेव्हा. बँडेज म्हणजे हाताला गुंडाळायची कापडी पट्टी. अंगठ्यात तिचा फास अडकवायचा, मनगटाभोवती फेरे द्यायचे, पंजावरून बोटांच्या गाठींवर पदर चढवायचे, बोटांमधून काढून पुन्हा मनगटावर यायचं. सैल राहिली तर मनगट मुरगळतं, फार आवळली तर बोटं बधिर होतात. ज्या मुलाला स्वतःचा हात सांभाळण्याइतका धीर नाही, त्याच्या हातात समोरच्याचं डोकं देता येत नाही.

या धीराचं फळ कसं दिसतं? बुलडाणा जिल्ह्यातला अनंत चोपडे अकोल्याच्या प्रबोधिनीत सतीशचंद्र भट यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये त्याने ५२ किलो गटात सुवर्णपदक जिंकलं. पुढे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने पुरुषांचे वजनगट नव्याने आखले आणि ५२ किलो हा गटच राहिला नाही. बॉक्सरसमोर दोन वाटा उरल्या : आणखी उतरून ५१, नाही तर वर चढून ५४. एप्रिल २०२२ मध्ये थायलंडमधल्या फुकेतला अनंतने सुवर्णपदक मिळवलं ते ५४ किलोत.

दोन किलोंचा फरक वाचताना किरकोळ वाटतो. रिंगमध्ये तसं नसतं. वरच्या गटात समोरचा हाडापेराने मोठा असतो, त्याचा हात लांब पोचतो, त्याचा ठोसा जड लागतो. तरीही वाढत्या अंगाच्या खेळाडूसाठी वर जाणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. खालचा गट गाठण्यासाठी उपाशी राहून, पाणी तोडून, जर्किन घालून पळत घाम काढणारी मुलं आपण पाहतो. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो. अशा उन्हात पाणी तोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. कोरड्या पडलेल्या शरीराची ताकद आणि नजर आधी मंदावते आणि डोक्याला बसणाऱ्या माराचा धोका वाढतो. 'या वेळी पदक राहू दे, पुढच्या वर्षी वरच्या गटात खेळू' हे सांगणारा कोच पालकांना आवडत नाही. पण तोच त्या मुलाची पुढची दहा वर्षं वाचवत असतो.

हीच गोष्ट स्पारिंगची. स्पारिंग म्हणजे सरावातली जोडीदारासोबतची लढत. ती शिकण्यासाठी असते, जिंकण्यासाठी नसते. कोच आधीच बंधन घालतो : आज फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, किंवा एकाने मारायचं आणि दुसऱ्याने फक्त चुकवायचं. हात सुटले, राग चढला, की तिथेच वेळ थांबवायची. आठवड्याचे सगळे दिवस पूर्ण जोराने स्पारिंग करणारी व्यायामशाळा मर्दानी वाटते, पण तिथली मुलं स्पर्धेआधीच मार खाऊन मोकळी झालेली असतात. हौशी बॉक्सिंगच्या नियमांतच नॉकआउट झालेल्या खेळाडूला किमान ३० दिवस लढतीपासून आणि स्पारिंगपासून दूर ठेवायची तरतूद आहे. मेंदूला बसलेला धक्का बाहेरून दिसत नाही. म्हणून 'सर, मी ठीक आहे' या वाक्यावर कोचने कधीच विसंबू नये.

आता मनाकडे येऊ. बॉक्सरला भीती वाटत नाही, हा सर्वांत मोठा गैरसमज. भीती प्रत्येकाला वाटते आणि तिचा पहिला घाव श्वासावर होतो. घाबरलेला मुलगा श्वास रोखतो, मुठी आवळून ठेवतो, खांदे कानांपर्यंत नेतो. त्यामुळे पहिल्या तीन मिनिटांतच त्याचे हात शिशाचे होतात. हे मनोधैर्याच्या भाषणाने सुटत नाही. ठोसा सुटताना तोंडाने 'श्स्' असा श्वास फेकायची सवय लावावी लागते. सराव चाललेल्या हॉलमध्ये जो आवाज सतत कानी पडतो, तो हाच. श्वास सुटला की खांदा सैल होतो, खांदा सैल झाला की हात वेगाने परत येतो आणि हात परत आला की चेहरा झाकला जातो. धैर्य म्हणतात ते असं अवयवा-अवयवांत भरावं लागतं.

त्याची परीक्षा दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात होते. बॉक्सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो. पहिल्या क्षणी त्याच्या तोंडातली गमशील्ड काढली जाते, पाण्याचा घोट दिला जातो, कंबरेचा पट्टा ओढून पोटाला जागा केली जाते. जाणता कोच सुरुवातीला काहीच बोलत नाही, कारण धापा टाकणाऱ्याला काही ऐकू येत नाही. श्वास जागेवर आला की तो नजरेला नजर भिडवतो आणि एक, फार तर दोन गोष्टी सांगतो : 'त्याचा उजवा हात खाली येतोय. जॅबनंतर डावीकडे सरक.' पाच सूचना दिल्या तर एकही लक्षात राहत नाही. या वेळात कोच आणखी एक काम करत असतो. मुलाची नजर स्थिर आहे का, उत्तर लगेच येतं का, पाय लटपटतात का, हे तो तपासत असतो. यातलं काही बिघडलं असेल तर त्याने टॉवेल टाकून लढत सोडायची असते.

मुष्टियुद्धाच्या इतिहासातला असा एक निर्णय १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात झाला. मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत चौदा फेऱ्या चालली. फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ बंद झाले होते, तरी त्याला पंधराव्या फेरीला उठायचं होतं. त्याचे कोच एडी फच यांनी त्याला उठू दिलं नाही. जगज्जेतेपद तीन मिनिटांवर असताना त्यांनी लढत सोडली. सात वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, लास वेगासला दक्षिण कोरियाचा किम डुक कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. फच यांनी जे एका कोपऱ्यात ओळखलं होतं, ते मान्य करायला या खेळाला एक जीव गमवावा लागला.

या दोन्ही लढती व्यावसायिक होत्या. व्यावसायिक रिंग हौशीपेक्षा किती वेगळी आहे, हे यावरून कळावं. ऑलिम्पिक प्रकारात तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात आणि पाच पंच गुण देतात. व्यावसायिक बॉक्सर चार फेऱ्यांपासून सुरुवात करतो आणि सहा, आठ, दहा असं करत बारापर्यंत चढतो. तिथे साधारणपणे तीन पंच गुण देतात. वजन आदल्या दिवशी होतं. कोपऱ्यात जखम आवरणारा वेगळा माणूस असतो. तो कापलेल्या भुवईवर औषधाचा बोळा दाबतो, सुजेवर थंडगार लोखंडी तुकडा धरतो. लढती कोणी जुळवायच्या, पैसे किती, प्रतिस्पर्धी कोण, हे सगळं व्यवहारात जातं. बीजिंग ऑलिम्पिकचा कांस्यपदकविजेता विजेंदर सिंग २०१५ मध्ये या वाटेने गेला, मँचेस्टरमध्ये राहून नव्याने शिकला आणि सलग बारा लढती जिंकला. पहिली हार त्याच्या वाट्याला आली ती मार्च २०२१ मध्ये गोव्यात, एका जहाजाच्या छतावर बांधलेल्या रिंगमध्ये. इतका अनुभव गाठीशी असलेल्यालाही ही वाट सोपी गेली नाही.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातल्या मुलासाठी बॉक्सिंगची कारकीर्द म्हणजे बहुधा आधी नोकरी : रेल्वे, सैन्यदल, पोलीस, किंवा राज्य सरकारच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणातली जागा. यात कमीपणा नाही. पगार, आहार आणि उपचाराची हमी मिळाली, तर तो बॉक्सर निर्धास्तपणे पाच-सात वर्षं खेळू शकतो. चार पदकं मिळताच त्याला व्यावसायिक रिंगकडे ढकलणं म्हणजे मृगाच्या पहिल्या शिडकाव्यावर पेरणी करण्यासारखं आहे. दुबार पेरणीला बियाणं तरी विकत मिळतं. बॉक्सरला दुसरं डोकं मिळत नाही.

म्हणून आपल्या भागाला बॉक्सरइतकेच चांगले कोच हवेत आणि ते घडवायची परंपराही आपल्याकडे आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं काम वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले. खेळाडूंबरोबरच शारीरिक शिक्षण देणाऱ्यांच्या पिढ्या तिथे तयार झाल्या. शिक्षकाला आधी शिकवलं पाहिजे, हा विचार अमरावतीने शंभर वर्षांपूर्वी कृतीत आणला. बॉक्सिंगमध्ये तो गावोगाव पोचायला हवा.

तोवर पालकांनी आपल्या हातात असलेलं काम करावं. मुलाला क्लबात घालण्याआधी एक संध्याकाळ बाकावर बसून सराव पाहा. नव्या मुलांना लगेच स्पारिंगला उभं करतात का? मोठ्या-छोट्यांच्या जोड्या वजन पाहून लावतात का? डोक्याला लागलेल्या मुलाला घरी पाठवतात, की चिडवतात? पाण्याची बाटली मोकळेपणाने वापरू देतात का? पदकांची भिंत नंतर बघा. या चार प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील, तर मुलगा किंवा मुलगी निर्धास्त त्या कोचच्या हवाली करा आणि त्याने एखाद्या स्पर्धेला 'यंदा नाही' म्हटलं, तर त्याच्याशी वाद घालू नका.

पुढच्या भागात : बॉक्सरचं ताट. ज्वारीची भाकरी, वरण आणि अंड्यांवर वजनगट कसा सांभाळायचा?