गाळ सांगतो बंदराची कथा

गेल्या वैशाखात आमच्या गावच्या तळ्याचा गाळ काढण्याचे काम चालले होते. सुट्टीत मी गावीच होतो, म्हणून काठावर जाऊन उभा राहिलो. पुरुषभर खोल खड्डा झाला होता. त्याच्या उभ्या कडेवर थर स्वच्छ दिसत होते. काळी चिकण माती, मध्येच बोटभर जाडीची वाळू, पुन्हा काळी माती. फावड्यावर हात टेकून उभे असलेले आमचे तात्या म्हणाले, "मास्तर, ही वाळूची रेघ बघा. मोठ्या पुराच्या सालची आहे ती. संथ पाण्याला वाळू उचलत नाही. त्याला पाण्याच्या अंगात जोर लागतो."

श्रोतेहो, तात्यांनी जे सहज सांगितले, त्याच पायावर आज एक शास्त्र उभे आहे. हजार-दोन हजार वर्षांपूर्वी बुजून गेलेल्या बंदरांचा इतिहास या शास्त्राचे अभ्यासक तिथल्या गाळावरून वाचतात. तो कसा वाचतात, हे आज एका जुन्या बंदराच्या उदाहरणाने पाहू या.

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर इफेसस नावाचे प्राचीन शहर होते. जगातील सात आश्चर्यांपैकी एक गणले गेलेले आर्टेमिस देवीचे मंदिर तिथलेच. रोमन साम्राज्याच्या काळात ही मोठी व्यापारपेठ होती. आज तिथे गेलात तर भव्य नाट्यगृहापासून निघालेला सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा फरसबंद रस्ता दिसतो. हा बंदराचा रस्ता. पण त्याच्या टोकाला ना गलबते, ना समुद्र. तिथे लव्हाळ्यांनी भरलेली पाणथळ जागा आहे, आणि समुद्र तिथून पाच-सहा किलोमीटर दूर गेला आहे. मग समुद्र हटला कसा? खरे म्हणजे समुद्र हटला नाही, जमीन पुढे सरकली. शेजारून वाहणाऱ्या कुचुक मेंदेरेस नदीने शतकानुशतके माती आणून टाकली आणि सारी खाडी भरून काढली.

आता बंदरातच गाळ इतका का साचतो, ते पाहा. गढूळ पाण्याचा तांब्या हलवून ठेवला, तर वाळू आधी तळाशी जाते. बारीक माती मात्र पाणी अगदी स्थिर झाल्याशिवाय खाली बसत नाही. उघड्या किनाऱ्यावर लाटा असतात, तिथे ती टिकत नाही. बंदर बांधणे म्हणजे लाटा अडवून पाणी शांत करणे. जे पाणी जहाजाला विसावा देते, तेच गाळालाही देते. बंदर जितके सुरक्षित, तितका गाळ अधिक. हा पेच जगातल्या बहुतेक साऱ्या बंदरांपुढे उभा राहिला आहे.

अभ्यासक अशा जागी पोकळ नळी जमिनीत खोल उतरवतात आणि आतला मातीचा उभा दांडा जसाच्या तसा वर काढतात. सर्वांत खालचे थर सर्वांत जुने. तळाशी साधारणतः उघड्या समुद्राची वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे मिळतात. त्यावर अगदी बारीक, काळपट चिखल येतो. इथे बंदर सुरू झाले, असे समजायचे. त्याच्याही वर नदीचा गाळ आणि कुजलेल्या पाणवनस्पती. इथे बंदर संपले.

त्या चिखलात आणखी बरेच काही सापडते. ऑस्ट्राकॉड नावाचे मोहरीहूनही लहान कवचाचे जीव असतात. त्यांच्या काही जाती खाऱ्या पाण्यात राहतात, काही मचूळ, तर काही गोड्या. कवचे ओळखली की त्या वेळचे पाणी कसे होते ते कळते. फुलांचे परागकण सांगतात की आसपास रान होते की शेतमळे. इफेससच्या रोमनकालीन गाळात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले, माणसांच्या पोटातल्या जंतांची अंडीही मिळाली. म्हणजे शहराची घाण कोठे जात होती, हेही गाळाने लपवले नाही!

पण हा थर अमुक काळाचा, हे कशावरून ठरवायचे? थरातले बी, पान किंवा कोळसा यांतील कार्बन-१४ मोजून. सजीव मेला की हा कार्बन ठरावीक वेगाने घटतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. ही पद्धत शोधणारे विलर्ड लिबी यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या वहीत एक अडचण मात्र आहे. बंदर चालू ठेवायचे तर माणसे गाळ उपसतात, आणि उपसा केला की तितकी पाने फाटतात. इटलीतील नेपल्स शहरात भुयारी रेल्वेसाठी खोदताना प्राचीन बंदराचा तळ लागला. त्या तळावर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या उपशाचे ओरखडे जसेच्या तसे होते. पाने नाहीत, पण ती कोणी फाडली याची खूण आहे.

इफेससच्या लोकांनीही गाळाशी शर्थीची झुंज दिली. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात अटालस राजाने बंदराच्या तोंडाशी बांध घातला. तोंड अरुंद झाले की पाणी खोल राहील आणि मोठी जहाजे आत येतील, असा त्याच्या कारागिरांचा हिशेब. झाले उलटेच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर बाहेर जाणारा गाळ आतच अडकला आणि सारे बंदर उथळ झाले. स्ट्रेबो या भूगोलकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. पुढे नीरोच्या काळात एका रोमन सुभेदाराने बंदर उपसून मोकळे केले. इ. स. १२९ च्या एका शिलालेखात हेड्रियन बादशहाने नदीचा प्रवाह वळवल्याचा उल्लेख आहे. आणखी एका सुभेदाराचा हुकूम दगडावर कोरलेला आहे. लाकडाच्या व्यापाऱ्यांनी धक्क्यावर ओंडके रचू नयेत, आणि दगड कापणाऱ्यांनी आपला चुरा पाण्यात लोटू नये, असा तो हुकूम. आपल्याकडे ग्रामपंचायतीची पाटी असते ना, तशीच!

सुभेदाराला धक्क्यावरचा चुरा दिसला. खरा गाळ मात्र दूरवरच्या डोंगरांतून येत होता. परागकण सांगतात की वरच्या प्रदेशातले रान घटत गेले आणि शेती वाढली. उघड्या पडलेल्या उतारावरची माती प्रत्येक पावसात नदीत येऊ लागली. दुखणे डोंगरावर, औषध बंदरात! शर्थ करूनही बंदर वाचले नाही.

ही गोष्ट परदेशची खरी, पण आपल्याला परकी नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा आणि कल्याण या आपल्या बंदरांची नावे आहेत. सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून काढला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथे मिळाला. आज तिथे मोठे गलबत लागेल इतके पाणी नाही. आणि बंदरे राहू द्या, आपली तळी आणि धरणे तरी कशाने भरत आहेत?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. काचेच्या बरणीत शेतातली माती आणि पाणी घालून खूप हलवा व रात्रभर ठेवा. सकाळी मुलांना थर मोजू द्या. गावच्या तळ्याचा गाळ निघत असेल तर वर्ग तिथे न्या, आणि खड्डा बुजण्याआधी म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक रेघेचे साल विचारा. ते वहीत उतरवून ठेवा. गाडीत भरून गेलेला थर पुन्हा वाचता येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी गाळाची शेवटची गाडी तात्यांच्या वावराकडे निघाली. मी विचारले, "तात्या, चांगली माती मिळाली ना?" ते म्हणाले, "मिळाली कसली? आमचीच होती ती. बांध फुटला, तेव्हा गेली. आता आधी बांध घालतो, मग पसरतो."